शाकारणीचा करार: शिराकावा-गो आणि गोकायामा येथील गाश्शो घरे

मध्य जपानमधून उत्तरेकडे वाहत तोयामाच्या उपसागराला मिळणाऱ्या शोगावा नदीने डोंगर कोरून जी चिंचोळी दरी तयार केली आहे, तिच्या वरच्या भागाला शिराकावा-गो आणि खालच्या भागाला गोकायामा म्हणतात. पहिला भाग आज गिफू प्रांतात आणि दुसरा तोयामा प्रांतात मोडतो. शिराकावा गावाच्या हद्दीतील नव्वद टक्क्यांहून अधिक भूभाग डोंगर आणि जंगलाने व्यापलेला असून शेतीयोग्य जमीन नदीकाठच्या अरुंद पट्ट्यांपुरतीच आहे. या पट्ट्यांवर, भाताच्या लहानलहान खाचरांच्या मधोमध, गवताने शाकारलेली उंच, उतरत्या छपरांची घरे उभी आहेत. 1995 मध्ये युनेस्कोने शिराकावा-गोमधील ओगिमाची तसेच गोकायामातील आइनोकुरा आणि सुगानुमा या तीन वस्त्यांचा जागतिक वारसास्थळांच्या यादीत समावेश केला. मे महिन्यात खाचरांतल्या पाण्यात उमटणारी छपरांची प्रतिबिंबे आणि हिवाळ्यात बर्फाखाली झाकलेली वस्ती ही दृश्ये जगभर पोहोचली आहेत; परंतु ही घरे कशी टिकली याचे उत्तर त्या दृश्यांत सापडत नाही, कारण ते श्रमाच्या देवघेवीच्या एका जुन्या व्यवस्थेत दडलेले आहे.

या बांधणीला ‘गाश्शो-झुकुरी’ म्हणतात. गाश्शो म्हणजे प्रार्थनेसाठी जोडलेले हात आणि झुकुरी म्हणजे बांधणीची पद्धत. जपानच्या समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त थंड वारे या डोंगरांना अडल्यामुळे येथे जपानमधील अतिशय मोठी हिमवृष्टी होते आणि जमिनीवर दोन मीटर बर्फ साचणे ही अपवादाची गोष्ट नाही. ओला बर्फ छपरावर साचून राहिला तर घर चिरडले जाईल, म्हणून छपराची दोन्ही पाखी सुमारे 60 अंशांपर्यंत उभी ठेवलेली असतात. ओगिमाचीतील बहुतेक घरांची त्रिकोणी तोंडे उत्तर-दक्षिण दिशांना आहेत. दरीतून वाहणारा वारा त्यामुळे छपराच्या रुंद बाजूवर आदळत नाही, शिवाय पूर्वेकडील आणि पश्चिमेकडील पाख्यांना सारखे ऊन मिळून बर्फ लवकर वितळतो आणि गवत लवकर वाळते.

घराचे बांधकाम दोन स्वतंत्र भागांत होते. खांब, तुळया आणि भिंती यांचा खालचा सांगाडा कसबी सुतार उभा करीत, तर छपराचा संपूर्ण त्रिकोण गावकरी स्वतः बांधीत. सुतारकामात ‘चोना-बारी’ या तुळईला विशेष महत्त्व आहे. उतारावर वाढणारी झाडे बर्फाच्या दाबाने बुंध्याशी वाकतात, आणि वाकसाच्या दांड्याशी साम्य असलेला हा नैसर्गिक बाक जसाच्या तसा ठेवून ते लाकूड भार पेलण्यासाठी वापरले जाते. छपराच्या मुख्य वाशांची खालची टोके निमुळती तासून आडव्या तुळईतील खोबणीत नुसती टेकवलेली असतात. वासे, आडवे दांडे आणि गवताखालची कामटी बांधण्यासाठी खिळे वापरीत नाहीत. त्याऐवजी भाताच्या पेंढ्याचे दोर आणि ‘नेसो’ नावाचे बंध वापरतात. मान्साकू नावाच्या झुडपाच्या कोवळ्या फांद्या ओल्या असतानाच पिळून नेसोची गाठ मारली जाते आणि वाळताना ती अधिकच आवळत जाते. दोरांनी बांधलेला असा सांगाडा वाऱ्याच्या आणि बर्फाच्या दाबाखाली थोडा हलतो, पण मोडत नाही.

या प्रचंड छपराखालची जागा मोकळी ठेवणे डोंगरातल्या माणसांना परवडणारे नव्हते. भाताचे पीक तुटपुंजे असल्याने रेशीमकीटकांचे पालन हा येथील महत्त्वाचा जोडधंदा ठरला आणि तो जसजसा वाढला तसतसे घरांचे माळेही वाढले, काही घरांत तर दोन-तीन मजल्यांपर्यंत. त्रिकोणी भिंतींतील खिडक्यांतून माळ्यांवर उजेड आणि हवा येई, तर खालच्या मजल्यावर जमिनीत खोदलेल्या ‘इरोरी’ या चौकोनी चुलीची ऊब फटी ठेवलेल्या फळ्यांमधून वर चढत कीटकांपर्यंत पोहोचे. त्याच वाटेने वर जाणारा धूर लाकूड, दोर आणि गवत यांवर काजळीचा थर चढवून त्यांना कीड व ओल यांपासून वाचवीत असे. स्वयंपाक, घरातली ऊब, रेशीम आणि छपराचे आयुष्य अशी चार कामे एकाच चुलीवर अवलंबून होती.

जमिनीखालीही एक उद्योग चाले. गोकायामाचा प्रदेश कागा या संपन्न सरंजामी राज्याच्या ताब्यात होता आणि बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा तेथून त्या राज्याला पुरवला जाई. चुलीजवळ फळ्यांखाली खड्डे खोदून त्यांत माती, रेशीमकीटकांची विष्ठा, योमोगी ही दवण्याच्या कुळातील वनस्पती आणि इतर गवत यांचे थर रचले जात. चार-पाच वर्षे हा ढीग अधूनमधून खालीवर केल्यानंतर त्यातील माती पाण्याने धुऊन, ते पाणी राखेबरोबर उकळून त्यापासून सोऱ्याचे स्फटिक मिळवले जात. माळ्यावरच्या धंद्यातील टाकाऊ पदार्थ अशा रीतीने तळातल्या धंद्याचा कच्चा माल होई. हे उत्पादन गुप्त राहावे यासाठी दरीची दुर्गमता राज्यकर्त्यांच्या पथ्यावरच पडली. गोकायामात अपराध्यांनाही हद्दपार करून ठेवले जाई, आणि नदीवर पूल नसल्याने लोक दोरावर लटकवलेल्या टोपलीत बसून पैलतीर गाठीत.

अशा घराचे छप्पर मात्र कायमचे नसते. हातभराहून जाड असलेला गवताचा थर साधारणपणे 30 ते 40 वर्षांत कुजतो आणि तो संपूर्ण उतरवून नवा घालावा लागतो. त्यासाठी लागणारे गवत, दोर आणि मनुष्यबळ एका कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचे असते. या गरजेतून ‘युइ’ ही परस्पर श्रमाची व्यवस्था येथे दृढ झाली. मराठी खेड्यांतील इर्जिकीशी तिचे नाते सहज लक्षात येते, पण युइचे हिशेब अधिक काटेकोर असतात. कोणत्या घराने किती माणसे, किती गवत, किती दोर आणि किती धान्य दिले याची नोंद वहीत होते आणि त्या घराची पाळी आली की तेवढीच परतफेड करणे बंधनकारक ठरते. कधीकधी ही परतफेड पुढच्या पिढीकडून होते, म्हणून वही जपून ठेवावी लागते. परतफेडीची अपेक्षा नसलेल्या, आगीसारख्या संकटात केलेल्या मदतीला ‘कोर्याकु’ हे वेगळे नाव आहे.

शाकारणीची तयारी बरीच आधी सुरू होते. शरद ऋतूच्या अखेरीस, बर्फ पडण्यापूर्वी, डोंगरउतारावरील राखीव कुरणांत गवत कापून त्याच्या पेंढ्या बांधतात आणि त्या कोरड्या जागी साठवतात. वसंतात ठरलेल्या दिवशी शंभर ते दोनशे माणसे जमली की एक पाखे एका दिवसात पुरे होऊ शकते. काही जण जुने गवत ओढून खाली टाकतात, काही जण पेंढ्या हातोहात वर पोहोचवतात, तर अनुभवी माणसे छपरावर ओळीने बसून गवताचे थर रचतात आणि दोराने आवळतात. छपराच्या आतल्या बाजूला थांबलेला माणूस बाहेरून टोचलेल्या लाकडी सुईतला दोर वाशाभोवती फिरवून परत देतो. स्त्रिया एवढ्या माणसांच्या जेवणाची व्यवस्था सांभाळतात. उतरवलेले काळे गवतही वाया जात नाही, ते शेतात खत म्हणून जाते.

सणांनाही याच एकत्र येण्याचा आधार आहे. ओगिमाचीतील हाचिमान देवस्थानात ऑक्टोबरच्या मध्यावर होणाऱ्या उत्सवात देवळाच्या आवारातच तयार केलेली ‘दोबुरोकु’ ही तांदळाची न गाळलेली मदिरा प्रथम देवाला आणि मग लोकांना दिली जाते. गोकायामात सप्टेंबरअखेरीस ‘कोकिरिको’ हे प्राचीन लोकगीत नृत्यासह सादर होते, आणि त्या वेळी वाजणाऱ्या ‘सासारा’ या वाद्यात 108 लाकडी पट्ट्या ओवलेल्या असतात.

विसाव्या शतकात या व्यवस्थेचे आधार एकामागून एक ढासळले. आयात सोऱ्यामुळे तो धंदा एकोणिसाव्या शतकातच संपला होता, पुढे रेशीमही मागे पडले. 1935 मध्ये जर्मन वास्तुविशारद ब्रूनो टाउट यांनी येथे येऊन या बांधणीतील तर्कशुद्धतेची प्रशंसा केली. पण या कीर्तीने घरे वाचली नाहीत. 1961 मध्ये पूर्ण झालेल्या मिबोरो धरणाच्या जलाशयात वरच्या दरीतील वस्त्या बुडाल्या. शिराकावा गावात 1924 मध्ये सुमारे 300 असलेली गाश्शो घरे 1961 पर्यंत 190 च्या आसपास उरली. काही घरे विकली गेली, काही सुटी करून शहरांतल्या संग्रहालयांत उभारली गेली. 1967 मध्ये तर काझुरा ही संपूर्ण वस्ती रहिवाशांनी एकत्रितपणे सोडली.

या गळतीला ओगिमाचीच्या रहिवाशांनी 1971 मध्ये उत्तर दिले. आपली संघटना स्थापून त्यांनी घर विकायचे नाही, भाड्याने द्यायचे नाही आणि पाडायचे नाही असे तीन नियम स्वतःवर घालून घेतले. खाजगी मालमत्तेवरील हक्काला सामूहिक मर्यादा घालणारा हा करार युइच्या परंपरेतूनच आलेला दिसतो. शासनाचे संरक्षण त्यानंतर, म्हणजे 1976 मध्ये, ओगिमाचीला पारंपरिक वास्तूंचा महत्त्वाचा जतन-प्रदेश म्हणून मिळाले. गवताच्या घरांना आगीचे भय सर्वांत मोठे असल्याने वस्तीभर पाण्याचे फवारे बसवले आहेत. शरद ऋतूत त्यांची एकाच वेळी चाचणी होते, आणि गावकरी पाळीपाळीने फिरून आगीबाबत सावध राहण्याची हाक देतात.

2008 मध्ये जवळपास 11 किलोमीटर लांबीच्या हिदा बोगद्यामुळे द्रुतगती मार्ग पूर्ण झाला आणि एके काळची दुर्गम दरी नागोया व कानाझावा या शहरांच्या टप्प्यात आली. दोन हजारांहून कमी लोकसंख्येच्या गावात करोनापूर्व काळात वर्षाला पंधरा लाखांहून अधिक प्रवासी येत. हिवाळ्यातील रोषणाईसाठी 2019 पासून पूर्वनोंदणी सक्तीची करावी लागली. पर्यटनाने तरुणांना उपजीविका दिली, वाहनतळांचे उत्पन्न जतनकार्याला मिळते आणि शाकारणीचा बराचसा खर्च सरकारी अनुदानातून भागतो. मात्र अनेक छपरांचे काम आता व्यावसायिक कारागीर करतात आणि युइ मोजक्या प्रसंगी भरते. रोजची चूल पेटत नसल्याने धुराचे संरक्षणही घटले असून छपरे पूर्वीपेक्षा लवकर बदलावी लागतात.

दगडी स्मारकाच्या जतनात मूळ वस्तू शक्य तितकी अबाधित ठेवणे हे उद्दिष्ट असते, पण गवताच्या घराला हा निकष लावता येत नाही, कारण त्याचा सर्वांत ठळक भाग ठरावीक काळाने नष्ट होणे हेच त्याच्या स्वभावात आहे. छप्पर कुजते म्हणून माणसांना एकत्र यावे लागते, एकत्र आल्यामुळे गाठ मारण्याचे ज्ञान पुढच्या हातांत जाते आणि ते ज्ञान असेपर्यंतच पुढचे छप्पर उभे राहू शकते. पैशाने गवत आणि मजुरी विकत घेता येते. परतफेडीचे बंधन मात्र विकत घेता येत नाही. त्यामुळे शोगावाच्या दरीतील वारशाचे यश जोपासलेल्या घरांच्या संख्येइतकेच, पुढील शाकारणीसाठी छपरावर चढू शकणाऱ्या रहिवाशांच्या संख्येवरूनही मोजावे लागेल.