सूचक शब्द : लेखकाचे, सूचिकाराचे आणि वाचकाचे

शोधनिबंधाच्या सारांशाखाली चार-पाच शब्दांची एक ओळ असते. बहुतेक वैद्यलेखक ती सर्वांत शेवटी व घाईने लिहितात. महाजालावरील असंख्य निबंधांतून आपला निबंध योग्य वाचकाच्या हाती पडेल की नाही, हे मात्र बऱ्याच अंशी या सूचक शब्दांवर, म्हणजेच कीवर्ड्सवर अवलंबून असते. सबब या विषयाचा थोडक्यात परामर्श घेणे आम्हांस आवश्यक वाटते.

एका द्रव्यास अनेक नावे आणि अनेक द्रव्यांस एक नाव, ही अडचण आयुर्वेदास नवी नाही. गुडूचीस अमृता, छिन्नरुहा, मधुपर्णी, वत्सादनी असे पर्याय आहेत. पैकी अमृता हे नाव हरीतकीसही आहे. निघंटुकारांनी हे सर्व पर्याय एकत्र गुंफले, म्हणून वैद्याची वाट चुकत नाही. साध्या शब्दशोधात मात्र जी अक्षरे टंकित करावीत तेवढीच सापडतात.

सूचक शब्द देणारे तीन प्रकारचे लोक आहेत. पहिला लेखक. तो आपल्या शास्त्राच्या परिभाषेत विचार करतो व 'आमवात' असे लिहितो. दुसरा सूचिकार. तो ठरलेल्या यादीतूनच शब्द निवडतो. अमेरिकेतील नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९६० साली 'मेश' ही अशी यादी सुरू केली. तीत आयुर्वेदासाठी स्वतंत्र संज्ञा आहे. २०२२ पासून तेथील सूचिकरण मुख्यत्वे संगणकप्रणालीद्वारे होते व तज्ज्ञ आवश्यक तेथे ते तपासतात. तिसरा वाचक. २००४ ते २०१९ या काळात चालू असलेल्या 'साइटयूलाइक'सारख्या संकेतस्थळांवर वाचक स्वतःच निबंधांना शब्द जोडीत. तेथे वाचकाच्या सोयीचा, व्यवहारातला शब्द येतो.

या तिघांचे शब्द जुळत नाहीत, यात कोणाचाही दोष नाही. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात असे आढळले, की एकाच वस्तूस दोन व्यक्तींनी स्वेच्छेने एकच शब्द देण्याची शक्यता वीस टक्क्यांहूनही कमी असते.

हा केवळ ग्रंथालयाचा प्रश्न नव्हे, रुग्णाच्या हिताचाही आहे. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झालेल्या सहा रुग्णांविषयीचा मुंबईतील निबंध २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकात गुडूची, गिलोय वा टिनोस्पोरा यांपैकी एकही शब्द नाही. प्रतिकारशक्तिवर्धक वनौषधी एवढाच उल्लेख आहे. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षांवर आक्षेप घेतला व टिनोस्पोरा क्रिस्पा या सदृश वनस्पतीकडे लक्ष वेधले. या वादात कोणाचे म्हणणे ग्राह्य, हा वेगळा विषय. परंतु केवळ शीर्षकांत 'गुडूची' शोधणाऱ्या वैद्यास हा निबंध सापडणार नाही, आणि जे सापडत नाही त्याचा विचारही होत नाही.

यावर उपाय सोपे आहेत. द्रव्याचे संस्कृत नाव, पूर्ण वानस्पतिक नाव आणि प्रचलित नाव अशी तिन्ही द्यावीत. शंखपुष्पी, रास्ना यांसारख्या संदिग्ध द्रव्यांत वानस्पतिक नाव कदापि गाळू नये. रोगाच्या बाबतीत आमवात म्हणजेच ऱ्हूमॅटॉइड आर्थ्रायटिस असे समीकरण मांडू नये. आधुनिक निदान खरोखर केले असेल तरच ती संज्ञा सोबत द्यावी. प्रमाणित रोगसंज्ञांसाठी २०१७ साली सुरू झालेले 'नमस्ते' पोर्टल पाहावे. केवळ 'आयुर्वेद' वा 'चिकित्सा' असे व्यापक शब्द देऊन जागा अडवू नये. प्रतिकूल परिणाम आढळला असल्यास तो शब्द आवर्जून द्यावा, संकोचाने लपवू नये.

शब्द निवडताना एकच प्रश्न स्वतःस विचारावा : ज्या वैद्यास या माहितीची गरज आहे, तो ती कोणत्या नावाने शोधील? निघंटुकारांनी पर्याय सांगितले ते याच दृष्टीने. आपणही आपल्या निबंधाखालील त्या एका ओळीस तेवढाच विचार द्यावा, ही सर्व वैद्यबंधु-भगिनींस विनंती.