दोन अंश चढले, मुलगी झाली!

सरपटणारे प्राणी काचेच्या पेटीत पाळणारे हौशी लोक पेटीच्या एका टोकाला दिवा लावतात, दुसरं टोक गार ठेवतात. ऊब हवी तर इकडे, नको तर तिकडे; जनावर आपलं आपण बघून घेतं. आपल्याकडे ही हौस महागात पडू शकते. स्टार कासव घरात ठेवणं हा वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात मात्र कासवांसाठी राखलेली एक उबदार जागा आहे. तिला ना काच, ना दिवा, ना विजेचं बिल! मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या पुळणीवर चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेने २००२ साली गावकऱ्यांना घेऊन ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली.

मादी रात्री येते, शंभर-सव्वाशे अंडी घालते आणि समुद्रात निघून जाते. मागे कुत्री, कोल्हे, खेकडे आणि अंडी विकणारी माणसं. म्हणून अंडी राखणारे कासवमित्र ती उचलून कुंपणात आणतात आणि मादीने खणलेला असतो तसाच, सुरईच्या आकाराचा, दीडेक फूट खोल खड्डा करून त्यात ठेवतात. खोलीत काटकसर चालत नाही. भर दुपारी वरच्या वाळूवर पाय ठेववत नाही, पण दीड फुटाखाली दिवसरात्रीचा फरक फारसा पोचत नाही. उचलताना अंडं फिरवायचंही नाही, कारण गर्भ कवचाला आतून चिकटलेला असतो.

आता खरी गंमत. समुद्री कासवांत मुलगा की मुलगी हे गुणसूत्रं ठरवत नाहीत, वाळू ठरवते! उबवणीच्या मधल्या टप्प्यात तापमान किती होतं, त्यावर सगळं. ऑलिव्ह रिडलेच्या बाबतीत काटा साधारण २९ ते ३१ अंश सेल्सिअसच्या दरम्यान कुठेतरी फिरतो. त्याखाली नर जास्त, त्यावर माद्या. पस्तिशी ओलांडून वाळू तशीच तापत राहिली तर दोन्ही नाहीत, गर्भच दगावतात. ऑस्ट्रेलियात ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागातल्या वयात न आलेल्या हिरव्या कासवांत तर ९९ टक्के माद्या निघाल्या. नवरदेव आणायचे कुठून?

उष्णतेची ही करामत पहिल्यांदा लक्षात आली ती मादलेन शार्निए या फ्रेंच संशोधिकेच्या, १९६६ साली, सेनेगलमधल्या सरड्यांवर काम करताना. मगरींचा हिशेब आणखी वेगळा. चिपळूणच्या वाशिष्ठीत दिसणाऱ्या मगरीच्या घरट्यात नर होतात ते साडेबत्तीस अंशांच्या आसपास, थंड घरट्यांत माद्याच. न्यूझीलंडचा तुआतारा हा सरपटणारा प्राणी त्याहून तऱ्हेवाईक: ऊब वाढली की नर.

तापमान वेळापत्रकही ठरवतं. वाळू उबदार असली तर पिल्लं ४५ दिवसांतच बाहेर, गार असली तर साठीपर्यंत मुक्काम. फुटलेल्या अंड्यांतली पिल्लं वर सरकतात, पण माथ्यावरची वाळू तापलेली लागली की थबकतात आणि गारवा आल्यावर निघतात. म्हणून ती बहुधा रात्री किंवा पहाटे दिसतात. वेळासला पिल्लं सोडतात तीही सकाळी आणि संध्याकाळी.

बघायला जाणार असाल तर फ्लॅश बंद ठेवा आणि पिल्लं हातात घेऊ नका. किनाऱ्यावर कुठे अंडी दिसली तर उकरू नका; गावातल्या कासवमित्राला सांगा किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.