वृक्षवैद्य रॉबर्ट हार्टिग

जुन्या झाडाच्या बुंध्याला पंख्याच्या आकाराचें कठीण अळंबें दिसलें, म्हणजे झाड सडलें म्हणून तें उगवलें, असें आपण सहज म्हणतों. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जर्मनींतील थोर विद्वानही असेंच म्हणत. तेथें कारणाला कार्य व कार्याला कारण समजण्याची चूक होत होती, हें वनवृक्षांच्या बाबतींत सिद्ध करून दाखविणारा शास्त्रज्ञ म्हणजे रॉबर्ट हार्टिग.

त्याचा जन्म १८३९ सालीं ब्रन्स्विक येथें झाला. वनविद्या ही त्याच्या घरचीच विद्या. आजोबा प्रशियाच्या जंगलांचे प्रमुख. वडील थिओडोर नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ. थिओडोर यांनीं १८३३ सालीं कुजलेल्या लांकडांत बारीक तंतु पाहिले होते. ते बुरशीचे आहेत हेंही त्यांनीं ओळखलें. पण झाडाच्याच पेशी पालटून त्यांची बुरशी बनते, असा सिद्धान्त त्यांनीं मांडला. डोळ्यांना दिसलें तें खरें, त्याचा लाविलेला अर्थ मात्र चुकला!

तेच तंतु पुढें मुलाच्या सूक्ष्मदर्शकाखालीं आले. एबर्स्वाल्ड येथील वनविद्यालयांत अध्यापन करीत असतां त्यानें बाहेरचें अळंबें व लांकडांतील तंतु यांचा संबंध चिकाटीनें जुळविला. झाडाच्या पोटांत पसरलेला तो तंतुजाल आणि सालीवर दिसणारें अळंबें हीं एकाच जीवाचीं दोन अंगें. अळंबें हें केवळ त्याचें फळ. बुरशी बाहेरून शिरते, आणि लांकूड सडतें तें तिच्यामुळें. मुळांशीं सांपडणाऱ्या काळ्या दोऱ्यांना पूर्वीं निराळी वनस्पति समजत; त्या मधाच्या रंगाच्या एका भूछत्राच्याच शाखा होत, हेंही त्यानें १८७४ सालीं दाखविलें. वडील तेव्हां हयात होते. पित्याचें मत खोडण्याचा प्रसंग पुत्रावर यावा, ही गोष्ट सोपी नव्हे. पण सत्यापुढें घराण्याचा मान हार्टिगनें आड येऊं दिला नाहीं.

१८७८ सालीं तो म्यूनिकला प्राध्यापक झाला. त्याच वर्षीं त्याचा लांकडाच्या कुजण्यावरील ग्रंथ निघाला. निरनिराळ्या बुरशा लांकूड निरनिराळ्या रीतीनें खातात. कोणी पांढरे तंतु मागें ठेवते, कोणी तपकिरी भुगा करून सोडते. त्यामुळें नुसत्या लांकडावरून चोर ओळखतां येऊं लागला. १८८२ चें त्याचें वृक्षरोगांवरील पाठ्यपुस्तक १८९४ त इंग्रजींत आलें, व त्याचें संपादन केलें मार्शल वॉर्डनें, ज्यानें सिलोनांत कॉफीवरील तांबेऱ्याचा शोध घेतला होता.

हार्टिग १९०१ सालीं वारला. नॉर्वे स्प्रूस व पाइन यांचीं मुळें पोखरणाऱ्या बुरशीवर त्यानें सुचविलेला उपाय असा कीं, रोगट झाडांभोंवतीं चर खणून मुळांचा मुळांशीं होणारा स्पर्श तोडावा. उपाय तर्कशुद्ध, तरी अपुरा. १९५० च्या सुमारास इंग्लंडांत जॉन रिश्बेथ याच्या ध्यानांत आलें कीं, ह्या बुरशीचे बीजाणु वाऱ्यानें येऊन नुकत्याच तोडलेल्या झाडाच्या खुंटावर पडतात, आणि तेथून मुळांवाटे शेजारच्या झाडांत शिरतात. म्हणजे दार कुऱ्हाडच उघडून देत होती. तेव्हांपासून तोड होतांच ताज्या खुंटाला औषध किंवा दुसऱ्या एका निरुपद्रवी बुरशीचें बीज लावण्याची रीत युरोपांत सुरू झाली.