परितेवाडीचा क्यूआर कोड राज्यभर कसा पोहोचला? कामावर ‘सतत शिकणं’ म्हणजे नेमकं काय, समजून घ्या

सोलापूर : ऑफिसात नवं सॉफ्टवेअर येतं, एक दिवसाचं ट्रेनिंग होतं, हजेरीपटावर सह्या होतात. महिन्याभरात काम पुन्हा जुन्याच पद्धतीनं सुरू. मग कामावर सतत शिकणं म्हणजे काय? उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे.

एक जण शिकतो तेव्हा...
रणजितसिंह डिसले २००९मध्ये माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले. इमारत पडकी, शेजारी जनावरांचा गोठा. धडे मुलांना ऐकता-पाहता यावेत म्हणून त्यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. मोबाइलवर कोड स्कॅन केला की कविता, गोष्टी, व्हिडिओ सुरू. पुढे डिसले यांना २०२०चा ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळाला. १० लाख डॉलरपैकी निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर ९ शिक्षकांना वाटून दिली.

यंत्रणा शिकते तेव्हा...
डिसले यांनी शासनाला प्रस्ताव दिला. आधी प्रायोगिक वापर झाला. मग २०१७मध्ये राज्य सरकारनं पहिली ते बारावीच्या पुस्तकांत क्यूआर कोड आणण्याचं जाहीर केलं. २०१८मध्ये एनसीईआरटीच्या पुस्तकांसाठीही तशीच घोषणा झाली. एका शाळेतला प्रयोग अशा रीतीनं पद्धत बनला. आता शिक्षकाची बदली झाली, तरी कोड पुस्तकातच राहतो.

घोडं अडतं कुठे?
वेळ देण्यावर. २०२२च्या सुरुवातीला याच शिक्षकाच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीसाठीच्या रजेवरून वाद झाला. तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांनी लक्ष घातल्यावर तो प्रश्न मार्गी लागला. शिकलेलं सगळ्यांना हवं असतं, शिकायला सुट्टी देताना मात्र फाइल अडते.

तुमच्या ऑफिसात काय?
तीन प्रश्न विचारून बघा.
• शिकायला कामाच्या तासांतच वेळ मिळतो का?
• नवी पद्धत आधी एखाद्या टीमला करून बघता येते का?
• ती जमली, तर सगळ्यांच्या रोजच्या कामात येते का?

पहिल्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर शिकण्याचा भार कर्मचाऱ्याच्या रविवारवर पडतो. दुसऱ्याचं ‘नाही’ असेल, तर नवी कल्पना मीटिंगमध्येच राहते. आणि तिसऱ्याचं ‘नाही’ असेल, तर जाणकार माणूस नोकरी सोडतो त्या दिवशी ऑफिसला पुन्हा पहिल्यापासून शिकावं लागतं.