ओला कचरा वेगळा दिला तर खत, मिसळून दिला तर उकिरडा

सकाळी घंटागाडीचं गाणं गल्लीत ऐकू आलं की आपल्या घरांत धावपळ सुरू होते. कुणी बादली घेऊन पळतं, कुणी पिशवीला गाठ मारतं. कचरा गाडीत पडला म्हणजे आपलं काम झालं, असं आपल्याला वाटतं. आम्हालाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. मग एके दिवशी गाडीवरच्या बाईंनी आमची बादली तशीच परत केली. भाजीच्या देठांत दह्याची रिकामी पिशवी होती आणि खाली फुटलेल्या पेल्याच्या काचा. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "हे आमाले हातानं निवडा लागते जी."

आम्ही वर्गात मुलांना पर्यावरण शिकवतो आणि आमच्याच घरची बादली अशी! त्या दिवसापासून घरात दोन बादल्या आल्या. हा लेख त्यातूनच लिहावासा वाटला.

ओला कशाला म्हणायचं?

जे कुजतं आणि मातीत मिसळतं, ते ओलं. भाजीची देठं, फळांची सालं, चहाचा चोथा, अंड्याची टरफलं, शिळी पोळी, उरलेला भात, ताटातलं उष्टं, खजुराच्या बिया, हे सगळं ओल्यात जातं. कागद, प्लास्टिक, काच, डबे, चिंध्या हा सुका कचरा. २०१६ च्या घनकचरा नियमांनी घराघरात हे वेगळं करणं बंधनकारक केलं. ओल्यासाठी हिरवी बादली, सुक्यासाठी निळी. बॅटरी, ट्यूबलाइट, जुनी औषधं तिसरीकडे ठेवायची. डायपर आणि सॅनिटरी पॅड कागदात घट्ट गुंडाळून द्यायचे, ओल्यात कधीच नाही.

आपल्या शहरांत घरच्या कचऱ्याचा साधारण निम्मा भाग ओलाच असतो. म्हणजे स्वयंपाकघरातली एक बादली नीट झाली, तर गावाचा निम्मा प्रश्न तिथेच हलका होतो.

त्याचं पुढे काय होतं?

वेगळा आलेला ओला कचरा बारीक करून, वाळलेला पालापाचोळा मिसळून त्याचे ढीग लावतात. ढिगात हवा खेळती राहिली आणि ओल बेताची राहिली की जंतू कामाला लागतात. आतली उष्णता ५५ ते ६० अंशांपर्यंत चढते आणि रोगाचे जंतू, तणाचं बी मरतं. ढीग अधूनमधून उलटतात. दीड-दोन महिन्यांत काळं, भुसभुशीत, मातीच्या वासाचं खत तयार होतं. दहा किलो ओल्या कचऱ्यातून दोन-तीन किलो खत मिळतं. नगरपालिकांच्या अशा खताला राज्य सरकारनं 'हरित महासिटी कंपोस्ट' हे नाव दिलं आहे. तपासणीत उतरलेलं खत या नावानं विकता येतं.

गडचांदूरच्या चारी बाजूंना कापूस आणि सोयाबीनची शेतं आहेत. शेणखत पूर्वीसारखं मिळत नाही, हे कुठल्याही शेतकऱ्याला विचारा. आपल्या ताटातलं उरलेलं त्या मातीत परत गेलं, तर यापेक्षा चांगली जागा त्याला कोणती?

पण ओल्या कचऱ्यात काच, प्लास्टिक, सेल गेले की हे गणित बिघडतं. खतात काचा येतात, ते शेतकरी घेत नाही. मग सगळंच डेपोवर जातं. तिथं ढिगाखाली हवा न मिळाल्यानं अन्न सडतं आणि मिथेन वायू निघतो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडपेक्षा सुमारे २८ पट जास्त उष्णता धरून ठेवतो. कचऱ्याच्या ढिगांना आगी लागतात, त्यातही त्याचा हात असतो.

जंगलाच्या जिल्ह्यात हे जास्त महत्त्वाचं

आपला जिल्हा वाघ-बिबट्यांचा. उघड्यावर अन्न पडलं की कुत्री आणि डुकरं वाढतात, आणि त्यांच्या मागावर बिबट्या वस्तीपर्यंत येतो. चंद्रपूरजवळच्या दुर्गापूर-ऊर्जानगर भागात २०२२ मध्ये वाघ आणि बिबट्याच्या हल्ल्यांत माणसांचे जीव गेले. त्याला एकटा कचरा जबाबदार होता, असं म्हणणं बरोबर नाही. पण लेकरं खेळतात त्या नालीच्या काठावर हाडं आणि उष्टं टाकणं आपण तरी बंद करू शकतो. शिवाय अन्नाच्या वासानं गाई-बकऱ्या पिशवीसकट अन्न गिळतात. ते प्लास्टिक त्यांच्या पोटातून निघत नाही.

लहान गावाला जमतं का?

जमतं. सिंधुदुर्गातलं वेंगुर्ला हे बारा-तेरा हजार वस्तीचं गाव. २०१५ नंतर मुख्याधिकारी रामदास कोकरे यांच्या काळात तिथल्या नगरपरिषदेनं घरापासूनच कचरा वेगळा घ्यायला सुरुवात केली. ओल्याचं खत आणि बायोगॅस, प्लास्टिकचे तुकडे करून रस्त्याच्या डांबरात. जिथं कचऱ्याचे ढीग होते तिथं झाडं आली, लोक ती जागा बघायला येऊ लागले. यंत्रं नंतर कामी आली. आधी घराघरातल्या बायाबापड्यांनी बादल्या वेगळ्या केल्या होत्या.

दावत, इफ्तार आणि कुर्बानी

आपल्याकडे खरी कसोटी इथं लागते. एका वलीम्यात देगभर बिर्याणी उरते आणि थर्माकोलच्या ताटांसकट ढीग होतो. इस्राफ, म्हणजे नासाडी, आपल्या दीनमध्ये नापसंत आहे, हे आपण मुलांना शिकवतोच. म्हणून आधी अंदाज घेऊन शिजवावं. चांगलं उरलेलं तासा-दोन तासांत गरजू घरांत पोहोचवावं. फक्त उष्टं हिरव्या डब्यात जावं. दस्तरख्वान उचलताना ताटं, ग्लास आणि अन्न वेगळं करायला दोन पोरं उभी केली तरी काम होतं. आणि एक लक्षात असू द्या: परवाना नसलेल्या जागी, म्हणजे गल्लीतल्या मंडपात किंवा मैदानात, शंभरपेक्षा जास्त लोकांचा कार्यक्रम असेल तर तीन कामाचे दिवस आधी स्थानिक संस्थेला कळवावं आणि कचरा वेगळा करूनच द्यावा, असं २०१६ च्या नियमांनी सांगितलं होतं.

कुर्बानीची आतडी, रक्त आणि हाडं रोजच्या हिरव्या बादलीत घालू नयेत. ईदच्या आधीच मोहल्ल्यातल्या जबाबदार माणसांनी नगर परिषदेत जाऊन वेगळ्या गाडीचं आणि वेळेचं बोलून घ्यावं. तोपर्यंत झाकलेल्या डब्यात ठेवावं. नालीत काहीच सोडू नये.

"गाडीत तर सगळं एकच होतं"

हा सवाल आम्हाला प्रत्येक पालक सभेत ऐकायला मिळतो. सवाल खरा आहे. गाडीत दोन कप्पे नसतील, तर चार घरांनी मिळून आपल्या नगरसेवकाकडे ते मागावं. पण आपण मिसळून देत राहिलो, तर कप्पे मागायला आपलं तोंड कुठलं? आणि ज्याला थांबायचं नाही त्यानं घरीच करावं. जुन्या बादलीला बाजूनं आणि खालून भोकं पाडा. तळाशी वाळलेली पानं, वर ओला कचरा, पुन्हा पानं, असे थर द्या. सुरुवातीला मूठभर शेणखत किंवा थोडं आंबट ताक घाला. आठवड्यातून एकदा हलवा. वास आला तर ओल जास्त झाली समजा आणि पानं वाढवा. मटण, मासे, तेलकट अन्न त्यात नको. अडीच-तीन महिन्यांत अंगणातल्या मोगऱ्यापुरतं खत होतं.

आमच्याकडे आता दोन बादल्यांची सवय झाली आहे. कधी चूक होतेच. पण गाडीवरच्या बाई आमची बादली आता परत करत नाहीत. रस्त्यातला काटा बाजूला करणं हा सदका आहे, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्यांच्या हाताला लागणारी काच आपल्या बादलीतच अडवणं यापेक्षा वेगळं नाही.