गोळी लागू पडेल का?

बोटातली अंगठी घट्ट होते, चपलेचा नंबर वाढतो आणि घरचे म्हणतात, ‘अंग भरलं!’ एखादीची पाळी थांबते, मूल नसताना छातीतून दूध येते. लाजेपोटी ती कुणाला सांगत नाही. दोन्हींचे मूळ नाकामागे, मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पीयूषिका ग्रंथीतल्या गाठीत असू शकते. ही गाठ बहुधा कर्करोगाची नसते; पण वाढली की डोळ्यांच्या नसा दाबते आणि बाजूचे दिसेनासे होते.

गाठ प्रोलॅक्टिन हे दुधाचे संप्रेरक सोडणारी असेल, तर आधी गोळ्याच देतात. कॅबरगोलिन आठवड्यातून एकदा-दोनदा घ्यायची. बहुतेकांना गुण येतो. काहींची दृष्टी तर थोड्या दिवसांतच सुधारू लागते. पुरुषांत मात्र गाठ उशिरा सापडते, म्हणून मोठी असते आणि औषधाला अधिक वेळा दाद देत नाही.

पहिला सुगावा रक्ततपासणीत लागतो. गाठ मोठी, पण प्रोलॅक्टिन थोडेच वाढलेले असेल, तर ती दुसऱ्याच जातीची असून ग्रंथीचा देठ दाबला गेल्याची शंका येते. अशा वेळी गोळीने रक्तातला आकडा उतरतो, गाठ मात्र जागच्या जागी! म्हणूनच नुसत्या रिपोर्टवर निश्चिंत न होता एमआरआय पुन्हा करावा लागतो. उलट, प्रोलॅक्टिन अफाट असले तर तपासणीच फसते व आकडा कमी दाखवते. मग रक्ताचा नमुना पातळ करून मोजतात. (उलटीवरच्या काही साध्या गोळ्यांनीही प्रोलॅक्टिन वाढते, हे डॉक्टरांना सांगायचे राहून जाते.)

अंगठी घट्ट करणारी गाठ वाढीचे संप्रेरक सोडते. तिच्यावर बहुधा आधी नाकावाटे शस्त्रक्रिया होते. आजार उरला, तर ऑक्ट्रिओटाइड किंवा लॅनरिओटाइडचे महागडे इंजेक्शन साधारण महिन्याला एक. ते वाया जाणार का, याचा अंदाज आता बांधता येतो. एमआरआयच्या टी-२ चित्रात गाठ काळपट दिसली, तर गुण येण्याची शक्यता जास्त. काढलेल्या गाठीच्या पेशींत दाणे दाट असतील आणि औषध जिथे चिकटते ते ग्राहक भरपूर असतील, तरी तसेच. वय लहान आणि दाणे विरळ, तर आशा कमी; मग डॉक्टर पेगव्हिसोमंटसारख्या दुसऱ्या औषधाचा विचार लवकर करू शकतात.

त्यासाठी एमआरआयच्या जुन्या फिल्म आणि काढलेल्या गाठीचा अहवाल घरी जपून ठेवावा.