दाढेची कळ थांबली, म्हणजे दाढ बरी झाली नव्हे

हातावर पोट असलेल्या घरात कुणाला ताप चढला तर दवाखाना गाठला जातो. हाताला विळा लागला तर टाके घातले जातात. दाढ दुखली तर मात्र लवंग धरायची, मेडिकलमधून गोळी आणायची आणि कामावर जायचे, ही आपल्याकडची रीत. वरूड भागात ऑक्टोबरपासून आंबिया बहाराची संत्री तोडायला आली की बायामाणसांना मान वर करायला सवड नसते. तोडणी, प्रतवारी, कॅरेट भरणे, गाडी लावणे. तो हंगाम उरकतो न उरकतो तोच फेब्रुवारीत मृग बहाराचे दिवस येतात. अशा वेळी एका दाढेसाठी मजुरी बुडवून दवाखान्यात जायचे कुणाच्या जिवावर येणार नाही?

म्हणूनच आम्ही आज हा विषय घेतला आहे. दाढेचे दुखणे लहान वाटते, पण त्यात पैशाचा, कामाचा आणि कधीकधी जिवाचाही प्रश्न असतो.

आत काय घडते?

दाताचे वरचे पांढरे कवच आपल्या शरीरातील सर्वांत कठीण भाग आहे. त्याखाली थोडा मऊ थर आणि त्याच्याही आत, मधोमध, रक्तवाहिन्या व मज्जातंतू असलेला गाभा असतो. आपण त्याला सरसकट ‘नस’ म्हणतो. तोंडातील जंतू गोड व पिठूळ अन्नाच्या उरलेल्या कणांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल कवच पोखरते. ही गोष्ट बर्लिनमध्ये काम करणाऱ्या डब्ल्यू. डी. मिलर या अमेरिकन दंतवैद्याने १८९० साली मांडली. खड्डा कवचापुरता असतो तोवर दुखत नाही. आतल्या थरात पोचला की थंड पाणी झोंबते, गोड लागले की ठणका येतो. नसेपर्यंत पोचला की रात्रीची झोप उडते.

त्यानंतर एक फसवी गोष्ट घडते. नस मरते आणि कळ थांबते. माणसाला वाटते, सुटलो. पण जंतू आतच असतात. ते मुळाच्या टोकातून हाडात उतरतात, तिथे पू धरतो. कधी हिरडीवर पुळी येऊन तो आपोआप वाहतो, तेव्हा तर दुखतही नाही. मग एके दिवशी गाल सुजून उठतो.

आमच्या नात्यातल्या एका मावशींचे असेच झाले. डावीकडची खालची दाढ आठ-दहा रात्री ठणकली आणि गप्प झाली. घरच्यांनी दवाखान्याचे नाव काढले तर त्या म्हणाल्या, “आता दुखत नाही न माय, मंग कायले पैसे घालाचे?” दोन महिन्यांनी जबडा सुजला, ताप आला. गावच्या डॉक्टरांनी जंतुनाशक गोळ्या दिल्या आणि दातांच्या डॉक्टरकडे जायला बजावले. सूज उतरली तशी मावशींनी पुन्हा कामाला जायची तयारी केली. पण या वेळी सून अडून बसली. तिने मोठ्या गावचा दंत दवाखाना गाठला, तेव्हा खरी गोष्ट कळली. ती पुढे सांगतो.

गोळीने काय होते, काय होत नाही

जंतुनाशक गोळ्या पसरलेली लागण आटोक्यात आणतात. पण मेलेल्या नसेत रक्त पोचत नाही, म्हणून तिथे औषधही पोचत नाही. जंतूंचे घर तसेच राहते. ते घर एक तर स्वच्छ करून बुजवावे लागते, नाही तर दाढच काढावी लागते. तिसरा मार्ग नाही. म्हणून दर वेळी सुजल्यावर त्याच गोळ्यांचे पाकीट आणणे हा इलाज नव्हे. डॉक्टरांनी दिलेला कोर्स मात्र अर्धवट सोडू नये, शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नयेत. मेट्रोनिडॅझोल ही गोळी सुरू असताना दारू घेतल्यास मळमळ, उलट्या, धडधड होऊ शकते, हेही घरातल्या पुरुषांना सांगून ठेवावे.

दुखणे कमी करायला पॅरासिटामॉल बहुतेक प्रौढांना चालते. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या पोटात अल्सर असेल, किडनीचा त्रास असेल किंवा बाई गरोदर असेल तर विचारल्याशिवाय घेऊ नयेत, उपाशीपोटी तर नकोच. कोमट पाण्यात मीठ घालून चुळा भराव्यात. लवंगेच्या तेलाचा थेंब कापसावर घेऊन दाढेच्या खड्ड्यात ठेवला तर थोडा वेळ बधिरता येते. तेल हिरडीवर सांडू देऊ नये, हिरडी भाजते. अ‍ॅस्पिरिनची गोळी दाढेपाशी धरून ठेवल्यानेही तेच होते. बिब्ब्याचे तेल, रॉकेल, बॅटरीचे पाणी यांचा तर विचारही नको. त्यांनी दाढ बरी होत नाही, तोंड मात्र जळते.

दाढेतली कीड आणि डोळ्यांची भीती

बाजारात कधीकधी दाढेतली कीड काढून देणारे बसतात. रिंगणीच्या बिया निखाऱ्यावर टाकून नळीने धूर तोंडात देतात आणि मग फडक्यावर बारीक किडे दाखवतात. दाढेत अळी असते ही समजूत बॅबिलोनच्या मातीच्या विटांवर लिहिलेली सापडते, इतकी ती जुनी आहे. फ्रान्सच्या पिएर फोशार या दंतवैद्याने १७२८ साली आपल्या ग्रंथात सांगितले की, आपण भिंगाखाली पाहिले, अळी दिसली नाही. किडलेल्या दाताला आपण ‘कीड लागली’ म्हणतो, पण ती कीड म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जंतू. फडक्यावर पडतात ते बियांचे तुकडे असतात किंवा हातचलाखी असते.

दुसरी भीती अशी की वरची दाढ काढली तर डोळे जातात. दातांची संवेदना वाहणारी नस वेगळी आणि दृष्टीची नस वेगळी. वरची दाढ काढल्याने कुणाची नजर कमी होत नाही. साठीच्या सुमारास दातही हलतात आणि मोतीबिंदूही येतो, दोन्ही एकाच वेळी घडतात म्हणून एकाचा दोष दुसऱ्यावर जातो. नजर कमी झाली तर डोळे तपासावेत आणि दाढ सडली तर दाढ बघावी.

या खुणा दिसल्या तर रात्र काढू नका

सूज जबड्याखाली किंवा जिभेखाली उतरली, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना, आवाज बदलला, डोळ्याभोवती सूज चढली, थंडी वाजून ताप आला, यांपैकी काहीही झाले तर सकाळची वाट पाहू नये. श्वास लागत असेल तर क्षणभरही थांबू नये. १०८ क्रमांकाला फोन करून रुग्णवाहिका बोलवावी. जबड्याखालच्या अशा पसरत्या सुजेचे वर्णन लुडविग नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १८३६ साली केले. ही सूज श्वासाची वाट बंद करू शकते. मधुमेह असलेल्यांना लागण लवकर पसरते आणि लागणीमुळे साखरही वाढते, म्हणून त्यांनी दुप्पट सावध राहावे.

काढायची की वाचवायची?

सूज उतरल्यावर खरा निर्णय असतो. मावशी म्हणत होत्या, “दोन्ही काढून टाका, कटकट नको.” डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून समजावले. जी दाढ सुजली होती तिचा वरचा भाग हिरडीच्या खाली तुटला होता, ती ठेवण्यात अर्थ नव्हता. तिच्या पुढच्या दाढेचा खड्डा खोल होता, पण मुळे मजबूत होती. दोन्ही काढल्या असत्या तर त्या बाजूने भाकर चावणे संपले असते. शेवटी एक काढली आणि एकीचे रूट कॅनॉल केले. हा निर्णय मावशींनी स्वतः, सुनेशी बोलून, खर्च विचारून घेतला.

रूट कॅनॉल म्हणजे दाढेतली मेलेली नस काढून मुळांच्या नळ्या साफ करणे आणि त्या गटापर्चा नावाच्या चिवट पदार्थाने बुजवणे. हा पदार्थ चिकूच्याच कुळातल्या एका झाडाच्या चिकापासून मिळतो. खालच्या पहिल्या मोठ्या दाढेला बहुधा दोन मुळे आणि तीन-चार नळ्या असतात, म्हणून एक ते तीन फेऱ्या लागतात. अशी दाढ पुढे ठिसूळ होते, तिच्यावर टोपी बसवावी लागते. टोपीचे पैसे वेगळे असतात, हे आधीच विचारून घ्यावे. टोपीवाचून दाढ फुटली तर सारा खर्च पाण्यात जातो.

दाढ काढणे स्वस्त. खाजगी दवाखान्यात जिथे रूट कॅनॉल व टोपीला काही हजार लागतात, तिथे दाढ काही शंभरांत निघते. पण रिकाम्या जागेकडे शेजारची दाढ कलते, समोरची दाढ हळूहळू त्या खड्ड्याकडे सरकते आणि चावण्याची घडी बिघडते. पुढे कवळी किंवा ब्रिज बसवायचा तर तो खर्च आज ना उद्या येतोच. अक्कलदाढ असेल तर सहसा तिच्या जागी काही बसवावे लागत नाही.

म्हणून डॉक्टरांना न लाजता पाच प्रश्न विचारावेत. ही दाढ वाचण्यासारखी आहे काय? वाचवली तर किती वर्षांची आशा आहे? एकूण खर्च टोपीसह किती? किती फेऱ्या? काढली तर नंतर त्या जागी काय करावे लागेल? आणि आपणही सांगावे: मधुमेह, हृदयाचा आजार, रक्त पातळ करणारी गोळी, गरोदरपण, एखाद्या औषधाची अ‍ॅलर्जी. गरोदर बाईने दात दाखवूच नयेत हा समज चुकीचा आहे. लागण अंगावर काढण्यापेक्षा इलाज सुरक्षित असतो, फक्त डॉक्टरांना महिना सांगावा.

दाढ काढल्यावर अर्धा-पाऊण तास कापूस दाबून धरावा. चोवीस तास चूळ भरू नये, थुंकू नये, विडी व खर्रा तोंडाला लावू नये. खड्ड्यात जमलेली रक्ताची गुठळी हेच जखमेचे झाकण असते. ते निघाले तर तिसऱ्या-चौथ्या दिवशी आधीपेक्षा मोठी कळ येते.

जायचे कुठे?

१५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार निःशुल्क झाले आहेत. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय ही सारी त्यात येतात. वरूडच्या ग्रामीण रुग्णालयात आधी विचारावे. तिथे सोय नसेल तर अमरावतीचे जिल्हा रुग्णालय, ज्याला आपण सारे इर्विन म्हणतो, तिथे जावे. नागपूरला १९६८ पासून शासकीय दंत महाविद्यालय आहे. तिथे शिकणारे डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात. वेळ जास्त लागतो, पण खर्च खाजगीपेक्षा पुष्कळ कमी होतो. दोन्ही शहरे वरूडपासून नव्वद-शंभर किलोमीटरवर आहेत. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. सकाळची पहिली गाडी धरावी आणि जुने कागद, सुरू असलेल्या औषधांची पाकिटे सोबत न्यावीत.

खाजगीत गेलात तर डॉक्टर नोंदणीकृत आहेत ना, सुई नवी आहे ना, हत्यारे निर्जंतुक केलेली आहेत ना, हे पाहावे. दंतवैद्यांच्या नोंदणीचा कायदा देशात १९४८ पासून आहे. रस्त्यावर पाट मांडून दात बसवणाऱ्याच्या हत्यारातून काविळीचे जंतूही घरी येऊ शकतात.

घरातल्या पोरांसाठी

दुधाचे दात पडणारच आहेत म्हणून सोडू नका. दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. आणि सहाव्या वर्षी सर्वांत मागे जी दाढ येते ती कायमची असते. तिच्या जागी कोणताही दात पडत नाही, म्हणून आईबाप तिला दुधाची समजतात आणि तीच सर्वांत आधी सडते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्याच राज्यात पालघरला झाली. त्यात अंगणवाडी व शाळेतल्या मुलांच्या दातांचीही तपासणी येते. पथक शाळेत आले की मुलाला त्या दिवशी घरी ठेवू नका.

संत्री भरपूर खावीत, पण खाल्ल्यावर लगेच ब्रश करू नये. आम्लाने कवच थोडा वेळ मऊ झालेले असते. साध्या पाण्याने चूळ भरून अर्ध्या तासाने दात घासावेत. राखुंडी, विटेची पूड, गुडाखू, मिशरी यांनी दात साफ होत नाहीत, झिजतात आणि तंबाखूची सवय जडते. खर्ऱ्यातली सुपारी गालाचे आतले कातडे आवळते. आपली तीन बोटे उभी तोंडात जात नसतील तर डॉक्टरला तोंड दाखवा. तोंडच उघडले नाही तर मागच्या दाढेचा इलाज तरी कसा होणार?

विनयपिटकातील चुल्लवग्गात तथागतांनी भिक्खूंना दंतकाष्ठ वापरण्यास सांगितले आणि त्याचे पाच लाभ सांगितले, तोंडाला दुर्गंधी न येणे आणि अन्नाची रुची वाढणे हे त्यांतलेच. निंबाची काडी असो की फ्लोराइडची पेस्ट, सकाळबरोबर रात्री निजतानाही दात घासण्याची सवय घरात लावावी.

आणि आज ज्या घरात कुणाची दाढ दुखून थांबली आहे, त्या घरच्यांनी ती बरी झाली असे समजू नये. विशेषतः ते दुखणे घरच्या बाईचे असेल, तर ती स्वतःहून सांगणार नाही. तिला विचारा, येत्या आठवड्यातला एक दिवस ठरवा आणि सोबत जा.